पॅकेटाचे माप आणि फायरवॉलचा पहारा : प्रस्तावना

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी कचेरी, घाटकोपरच्या एखाद्या सनदी लेखापालाचे दप्तर, मुलुंडची एखादी पतपेढी किंवा बोरिवलीतील दोन खोल्यांच्या सदनिकेत बसून परदेशाचे काम करणारा एखादा सल्लागार, यांपैकी कोणाकडूनही ‘नेट चालू आहे, पण चालत नाही’ अशी तक्रार आली, की ती ऐकणाऱ्या तंत्रज्ञाच्या कपाळाला आठ्या पडतात. लाईन तुटली असेल तर जोडता येते, परवलीचा शब्द चुकला असेल तर बदलता येतो. परंतु पिंगला उत्तर येते, बँकेच्या संकेतस्थळाचे पहिले पान अर्धे उमटते, चार ओळींचे पत्र बिनबोभाट जाते आणि त्याच पत्राला विवरणपत्राची फाईल जोडली की ते जागच्या जागी खिळून राहते, अशा दुखण्याचा ठाव कोठून घ्यावा, हे त्याला बहुधा कोणी शिकवलेले नसते. तो राउटर बंद करून चालू करतो, तार बदलतो, संगणकावरील विषाणुरोधक काढून पाहतो, आणि अखेरीस पुरवठादाराला फोन लावला असता पलीकडून ‘साहेब, पिंग तर येतोय, लाईन क्लिअर आहे, प्रॉब्लेम तुमच्याकडचाच’ असा निर्वाळा ऐकून घेतो. या एका दुखण्याचे निदान आणि उपचार हाच प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. विषय वरवर पाहता लहान वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी गेलेल्यास जाळ्यांच्या रचनेतील एक जुना आणि अद्याप न मिटलेला वाद हाती लागतो.

संगणकाने पाठवलेला मजकूर सलग जात नाही. त्याचे भाग पडतात, प्रत्येक भागाच्या माथी पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता चढतो, आणि अशा रीतीने सिद्ध झालेले पॅकेट एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर सुपूर्द होत इष्ट स्थळी पोचते. एका खेपेस किती बाइट पेलायचे याची प्रत्येक दुव्याची एक मर्यादा असते, तिला एमटीयू म्हणतात. इथरनेटवर ती १५०० बाइटांची आहे. त्यातून आयपीच्या माथ्याचे २० व टीसीपीच्या माथ्याचे २० बाइट वजा केले असता प्रत्यक्ष मजकुराला १४६० उरतात, आणि हा आकडा, ज्यास एमएसएस अशी संज्ञा आहे, दोन्ही टोकांचे संगणक संभाषणाच्या आरंभीच एकमेकांस कळवून टाकतात. अडचण एवढीच, की दोघांनाही आपापल्या दाराशी असलेल्या दुव्याचे माप तेवढे ठाऊक असते. मधल्या वाटेवर एखादा दुवा अरुंद आहे किंवा काय, याची त्यांना वार्ताही नसते.

१५०० हा आकडा म्हणजे काही निसर्गनियम नव्हे. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटच्या कामास हात घातला, आणि १९८० मध्ये डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून त्याचा जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात ही मर्यादा कायम झाली. त्या काळी संगणकाची स्मृती महाग होती, आणि एकाच सामायिक तारेवर अनेकांनी बोलावयाचे असल्यामुळे कोणा एकाने ती दीर्घकाळ अडवून ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. ती दोन्ही कारणे केव्हाच नाहीशी झाली. आकडा मात्र राहिला. इतर जाळ्यांची मापे याहून वेगळी होती, काहींची मोठी, काहींची फारच लहान. आणि या सर्वांना एका सूत्रात ओवावयाचे असल्यामुळे सप्टेंबर १९८१ च्या आयपीच्या मूळ दस्तऐवजात, म्हणजे आर.एफ.सी. ७९१ मध्ये, अशी तजवीज करण्यात आली की निदान ५७६ बाइटांचे पॅकेट प्रत्येक संगणकाने स्वीकारलेच पाहिजे, आणि वाटेत एखाद्या राउटरला पुढचा दुवा अरुंद आढळल्यास त्याने पॅकेटाचे तुकडे करून ते पुढे धाडावेत. जोडणी शेवटच्या मुक्कामी होईल. ज्याला आपल्या पॅकेटाचे तुकडे होऊ द्यावयाचे नसतील त्याच्यासाठी माथ्यावर ‘डीएफ’ नावाचा एक बिट राखून ठेवलेला होता.

तुकडे करण्याची ही मुभा प्रथमदर्शनी उदार वाटली तरी व्यवहारात ती महाग पडू लागली, कारण एक तुकडा हरवला तरी सारे पॅकेट पुन्हा पाठवावे लागे आणि जोडणीच्या प्रतीक्षेत स्मृती अडकून पडे. १९८७ मध्ये ख्रिस्तोफर केंट आणि जेफ्री मोगल यांनी तुकडे करणे अपायकारक आहे असे शीर्षकातच बजावणारा निबंध लिहिला, आणि नोव्हेंबर १९९० मध्ये त्याच मोगल यांनी स्टीव्ह डिअरिंग यांच्या सहकार्याने आर.एफ.सी. ११९१ द्वारा त्यावरचा तोडगा मांडला. तो तोडगा असा : प्रत्येक पॅकेटावर डीएफ चढवावा, वाटेत अरुंद दुवा लागल्यास तेथील राउटरने पॅकेट टाकून द्यावे, परंतु त्याच वेळी पाठवणाऱ्यास आयसीएमपीचा, म्हणजे पिंगही ज्यावरून जातो त्या निरोपांच्या नियमाचा, एक संदेश, प्रकार ३, संकेत ४, असा धाडावा की पुढे एवढेच माप चालेल, आणि पाठवणाऱ्याने तो आदेश मानून पुढील पॅकेटे लहान करावीत. याला वाटेच्या एमटीयूचा शोध असे म्हणतात. रचना सुंदर आहे, साधी आहे, आणि तिचे सारे यश एका गोष्टीवर अवलंबून आहे. तो संदेश परत पोचला पाहिजे.

तो पोचत नाही, आणि तो न पोचण्याचे प्रमुख कारण फायरवॉल हे आहे. योगायोग असा, की १९८९ मध्ये डिजिटल कंपनीत असताना पॅकेटे गाळण्याची ‘स्क्रीनडी’ नावाची जी एक आद्य यंत्रणा तयार झाली तीही याच मोगल यांची. ज्या हातांनी निरोपावर विसंबणारी व्यवस्था रचली त्याच हातांनी पहारेकऱ्याचाही पाया घातला, आणि त्यापुढच्या दशकात या दोन अपत्यांचे बिनसले. पहारेकऱ्यास संशयाची कारणे होती. १९९५ मध्ये आर.एफ.सी. १८५८ ने अतिलहान तुकड्यांच्या आड लपून फायरवॉल कशी चुकवता येते ते दाखवले; पुढच्या वर्षी ‘पिंग ऑफ डेथ’ या नावाने कुप्रसिद्ध झालेली, जोडल्यावर ६५,५३५ बाइटांची कमाल मर्यादा ओलांडणारी पॅकेटे संगणक कोसळवू लागली; मग एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांचा ‘टिअरड्रॉप’ आला, आणि पाठोपाठ पिंगच्या उत्तरांचा पूर आणणारा ‘स्मर्फ’. घाबरलेल्या व्यवस्थापकांनी सरसकट दोन हुकूम काढले : तुकडे आत घेऊ नयेत आणि आयसीएमपी कोणत्याही स्वरूपात जाऊ-येऊ देऊ नये. पहिल्या हुकुमामागची अडचण समजण्यास मुलुंडच्या किंवा दहिसरच्या जकात नाक्याचे स्मरण पुरेसे आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येऊन जकात उठेपर्यंत तेथे मालाच्या गाड्यांची रांग लागे. आता एकाच व्यापाऱ्याचा माल तीन गाड्यांत विभागला आहे आणि कागदपत्रे फक्त पहिल्या गाडीच्या चालकाजवळ आहेत, अशा वेळी मागून आलेल्या दोन गाड्यांचे नाक्यावरच्या कारकुनाने काय करावे? पॅकेटाच्या तुकड्यांत पोर्टचा क्रमांक पहिल्याच तुकड्यावर असतो. बाकीच्यांची ओळख पटवायची तर सगळे येईपर्यंत त्यांना थांबवून ठेवणे आले, नाहीतर परत लावणे आले. आणि कारकुनास दुसरा मार्ग सोपा वाटला यात नवल नाही. दुसरा हुकूम मात्र असा क्षम्य नव्हता. पूर थांबवण्यासाठी पिंग आवरणे समजण्यासारखे आहे. परंतु त्या भरात, ‘लहान पाठवा’ एवढेच सांगणारा निरुपद्रवी संदेशही दाराबाहेर ठेवला गेला. सप्टेंबर २००० मध्ये केव्हिन लेही यांनी आर.एफ.सी. २९२३ मध्ये या स्थितीची दखल घेतली, तोवर तिला ‘ब्लॅक होल’ हे नाव पडून चुकले होते : पॅकेट जाते, नाहीसे होते, आणि का नाहीसे झाले हे कोणी कोणास सांगत नाही.

या जागतिक कथेत मुंबईच्या उपनगरांचा संबंध कोठे येतो, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहील. तो आरंभापासूनच येतो. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचे जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी हे एक प्रमुख ठाणे होते, पवईची आय.आय.टी. ही त्यातली सहभागी संस्था होती, आणि देशातील विद्यापीठांची ई-पत्रे परदेशी जात ती जुहूच्या या केंद्रातून. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तेव्हा मोडेमच्या संथ वाटेवर एमटीयू ५७६ ठेवावा असा सल्ला हौशी मंडळी एकमेकांस देत, आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. खरी गुंतागुंत सुरू झाली ती २००५ च्या सुमारास, जेव्हा महानगर टेलिफोन निगमाच्या ‘ट्रायबँड’ने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड घरोघर नेले, आणि त्याच सुमारास गल्लोगल्लीच्या केबलवाल्याने एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर तारा ओढून, जिन्याखालच्या पेटीत स्विच बसवून, वाहिन्यांबरोबर नेटही विकावयास घेतले. ग्राहकाचा हिशेब ठेवण्यासाठी त्याचे नाव व परवलीचा शब्द विचारणे भाग होते. त्यासाठी अनेकांनी पीपीपीओई ही पद्धत पत्करली. फेब्रुवारी १९९९ च्या आर.एफ.सी. २५१६ मध्ये वर्णिलेली ही पद्धत प्रत्येक पॅकेटावर आपले ८ बाइट चढवते. १५०० मधून ८ गेले, उरले १४९२. आज त्या तारांच्या जागी फायबर आले, वेग शेकडो पटींनी वाढला, तरी कित्येक पुरवठादारांकडे हे ८ बाइट आपल्या जागी कायम आहेत.

त्या आठ बाइटांचा प्रताप पाहण्याजोगा आहे. देशात येणाऱ्या समुद्राखालील केबलींपैकी बऱ्याचशा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे अंधेरीच्याच पश्चिम टोकाला, जमिनीवर येतात. युरोपातील एखाद्या संगणकाने पाठवलेले १५०० बाइटांचे पॅकेट हजारो किलोमीटरांचा समुद्र विनासायास ओलांडून तेथे उतरते, आणि तेथून काही किलोमीटरांवरील एका कचेरीत शिरताना, पुरवठादाराच्या शेवटच्या यंत्रापाशी, आठ बाइटांनी मोठे ठरून टाकून दिले जाते. पुरवठादाराचे यंत्र शिरस्त्याप्रमाणे युरोपाकडे संदेश धाडते. तो संदेश त्या दूरच्या संस्थेच्या फायरवॉलने अडवला, किंवा पुरवठादाराने आपल्या अंतर्गत यंत्रांना खासगी पत्ते दिलेले असल्यामुळे तो वाटेत कोणीतरी संशयित म्हणून टाकून दिला, तर पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुनःपुन्हा पाठवत राहतो आणि अंधेरीतील पान कोरे राहते. अपराध समुद्रापलीकडे घडतो आणि शिक्षा इकडे भोगावी लागते. ज्याला त्रास होतो त्याच्या हाती दुरुस्ती नाही, आणि ज्याच्या हाती दुरुस्ती आहे त्याला काही त्रास होत नाही, म्हणून त्याच्याकडे तक्रारही जात नाही. या विषयातील सारे संप्रदाय, सारे तोडगे आणि सारे वाद या एका विषमतेतून निघाले आहेत, असे माझे मत आहे. आणि प्रस्तुत ग्रंथ वाचताना वाचकाने हे सूत्र हातचे सोडू नये.

संप्रदायांपैकी सर्वांत लोकप्रिय तो एमएसएस आवळणाऱ्यांचा. संभाषणाच्या पहिल्याच पॅकेटात दोन्ही बाजू आपला एमएसएस कळवतात; ते पॅकेट आपल्या फायरवॉलवरून जात असताना तिने त्यातला १४६० हा आकडा परस्पर खोडून १४५२ लिहावा, की दूरचा संगणक आपण होऊनच लहान पॅकेटे पाठवू लागतो आणि निरोपाची गरजच उरत नाही. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये, ओपनबीएसडीच्या पीएफमध्ये, सिस्कोच्या राउटरांवर आणि बाजारातल्या बहुतेक फायरवॉलांवर ही सोय आहे. दुसऱ्याच्या पत्रातला आकडा त्याला न सांगता बदलणे हे तत्त्वतः प्रशस्त नव्हे. परंतु ज्याच्या हाती दुसरा इलाजच नाही त्या भोगणाऱ्याचा हा इलाज आहे, आणि म्हणून त्याला नाव ठेवताना जीभ जरा आवरावी लागते. याच्या नेमका उलट संप्रदाय संदेश जाऊ द्या म्हणणाऱ्यांचा. आयसीएमपीच्या त्रुटिसंदेशात मूळ पॅकेटाचा आयपी माथा आणि त्यापुढचे निदान ८ बाइट उद्धृत केलेले असतात, ही तजवीज १९८१ पासूनची आहे. त्यावरून आजची फायरवॉल तो संदेश आपल्याच एखाद्या चालू संभाषणाशी संबंधित आहे किंवा नाही याची रुजुवात घालू शकते, आणि संबंधित असेल तेवढाच आत घेऊ शकते. म्हणजे सरसकट मज्जाव करण्याचे जे कारण पूर्वी सांगितले जाई ते आता उरलेले नाही. उरली आहे ती केवळ सवय. तिसरा संप्रदाय डीएफ पुसून तुकडे करू देणाऱ्यांचा. चौथा, सगळीकडे १४०० किंवा १३०० असा एखादा आकडा ठोकून देऊन निश्चिंत होणाऱ्यांचा, ज्याला संप्रदाय म्हणणेही धाडसाचे आहे. शेवटचा संप्रदाय अविश्वासाचा. मॅथिस व हेफ्नर यांनी मार्च २००७ मध्ये आर.एफ.सी. ४८२१ द्वारा असे सुचवले, की वाटेवरच्या कोणाच्याही निरोपावर विसंबूच नये. पाठवणाऱ्याने स्वतः लहान-मोठी पॅकेटे पाठवून पाहावीत आणि पोच कशाची येते यावरून माप ठरवावे. लिनक्समध्ये ही सोय आहे, पण ती मुळात बंद असते.

हा विषय आजच का निकडीचा झाला याचे उत्तर २०२० च्या मार्चपासून शोधावे. टाळेबंदीत कचेऱ्या उठून बोरिवली-मुलुंडच्या बैठकीच्या खोल्यांत आल्या, आणि प्रत्येक घरातून मुख्य कचेरीपर्यंत व्हीपीएनचा बोगदा खणला गेला. बोगद्याचा प्रत्येक पदर आपले बाइट मागतो : जीआरई २४, आयपीसेक गूढलेखनाच्या पद्धतीनुसार पन्नास-साठ किंवा त्याहूनही अधिक. त्यात पीपीपीओईचे ८ मिळवले की हिशेब चुकण्यास वेळ लागत नाही. वायरगार्ड हे लोकप्रिय साधन आपला एमटीयू १४२० धरते. बाहेरचा प्रवास आयपीच्या चौथ्या आवृत्तीवरून होत असेल तर वरचे ६० मिळून ते १४८० होते आणि १४९२ मध्ये सुखेनैव मावते. परंतु ज्या दिवशी तोच प्रवास सहाव्या आवृत्तीवरून होऊ लागतो त्या दिवशी ८० मिळून ते बरोबर १५०० होते, आणि काल चाललेली व्यवस्था आज कोणीही हात न लावता बिघडते. सहाव्या आवृत्तीत, जिच्या शिल्पकारांत पुन्हा डिअरिंग आहेत, वाटेवरच्या राउटरांना तुकडे करण्यास मनाईच आहे. १२८० बाइट हे किमान माप, आणि त्यापुढे सगळी भिस्त संदेशावर. म्हणजे आयसीएमपी अडवण्याची जुनी सवय तेथे दुपटीने घातक ठरते. दुसरीकडे मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा नियम टीसीपी सोडून यूडीपीवर चालतो, किमान १२०० बाइटांचे दळणवळण पेलणारी वाट मागतो आणि पुढचे माप स्वतः चाचपून ठरवू शकतो. एमएसएस आवळण्याचा हुकमी इलाज फक्त टीसीपीला लागू पडतो. क्विकला तो स्पर्शही करत नाही. तेव्हा वीस वर्षे ज्या एका ओळीवर उपनगरांतील तंत्रज्ञांनी वेळ मारून नेली ती ओळ यापुढे पुरेशी होणार नाही.

ग्रंथकाराने काय योजले आहे ते थोडक्यात सांगतो. इंग्रजीत या विषयावर यंत्रागणिक पुस्तिका आहेत. परंतु त्या कोणती कळ दाबावी ते सांगतात, कोणत्या वेळी दाबू नये ते सांगत नाहीत. प्रस्तुत ग्रंथाचा आग्रह असा, की आकडा बदलण्यापूर्वी मोजावे. विंडोजचा मामुली पिंग ३२ बाइटांचा असतो, लिनक्सचा ५६ बाइटांचा. तेवढ्याने ‘लाईन क्लिअर’ एवढेच सिद्ध होते, वाट रुंद आहे हे होत नाही. डीएफ चढवून १४७२ बाइटांचा पिंग पाठवावा, म्हणजे माथ्याचे २८ मिळून तो १५०० होतो. तो गेला नाही तर १४६४ चा पाठवावा. तो गेला तर आठ बाइटांचा पत्ता लागला. असा पायरीपायरीने, आतून बाहेर आणि बाहेरून आत, बोगद्यासह आणि बोगद्याविना मापे घेण्याचा क्रम येथे घालून दिला आहे, आणि प्रत्येक मापाजवळ तारीख व कारण लिहून ठेवण्याची जी शिस्त ग्रंथकाराने आग्रहाने सांगितली आहे ती मला सर्वाधिक मोलाची वाटते. कारण उपनगरांतील किती फायरवॉलांवर १३०० किंवा १३५० असे आकडे बसलेले आहेत, ते कोणी बसवले, कोणत्या पुरवठादाराच्या कोणत्या लाईनसाठी बसवले, याचा कोणास पत्ता नसतो आणि काढण्याचे धाडस होत नाही. विशाल डेटा सेंटरांतील ९००० बाइटांच्या जम्बो फ्रेमचा विचार येथे मुद्दाम गाळला आहे. हा ग्रंथ ज्याच्याकडे एक फायरवॉल, दोन लाईनी आणि तीस-चाळीस त्रस्त माणसे आहेत त्याच्यासाठी आहे.

एका ठिकाणी ग्रंथकाराशी माझा मतभेद आहे आणि तो त्यांच्या अनुमतीने येथे नोंदवतो. लहान कचेरीने प्रथम एमएसएस आवळावा, काम सुरू करून द्यावे आणि आयसीएमपीचा विचार सवडीने करावा, असा त्यांचा सल्ला आहे. तक्रारदार फोनवर ताटकळत असताना तो व्यवहार्य आहे हे मी मानतो. तथापि ती सवड नंतर कधीच मिळत नाही हाही अनुभव आहे. आणि ज्या कचेरीचा स्वतःचा सर्व्हर बाहेरच्या ग्राहकांना सेवा देतो, तिच्या फायरवॉलने प्रकार ३, संकेत ४ अडवला तर ती कचेरी दुसऱ्या कोणाच्या तरी बाबतीत तोच समुद्रापलीकडचा अपराधी होऊन बसते. म्हणून माझ्या मते परवानगीची ती एक ओळ आधी घालावी, सहाव्या आवृत्तीसाठी आयसीएमपीचा प्रकार २ त्याच बैठकीत मोकळा करावा, मग पुन्हा मोजावे, आणि तरीही पान कोरेच राहिले तर एमएसएस आवळावा. ग्रंथकाराचा क्रम चौथ्या प्रकरणात आहे. वाचकाने दोन्ही क्रम आपल्या लाईनवर करून पाहावेत.